आरमारी पाद्रीचा रात्रीच्या जेवणाचा पोशाख: आधी त्याची मान ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नाटकाचा दुसरा अंक १८९२ साली माल्टाच्या बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवर घडतो, वॉर्डरूममध्ये, म्हणजे जहाजावरच्या ऑफिसरांच्या जेवणाच्या खोलीत, ऑफिसर लोकांचं औपचारिक रात्रीचं जेवण आहे, आणि जहाजाचा चॅप्लेन म्हणजे पाद्री हे त्यातलं मोठं पात्र. त्याच्यासाठी तुम्ही निळं मेस जॅकेट, बाहीवर सोनेरी फितीच्या दोन पट्ट्या, पांढरी कॉलर, छातीवर क्रॉस आणि पायात गेटर्स असं डिझाइन केलंय, आणि हे बरोबर आहे का विचारताय.

नाही हो. कॉलर तेवढी ठेवा, बाकी सगळं काढा, आणि कॉलरबद्दलसुद्धा पुढे बरंच बोलायचंय.

मी तीसेक वर्षं कपडेपटाचं काम करतोय, वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं म्हणून कात्री आधी हातात आली आणि नाटक नंतर, आणि ही जी चूक तुम्ही कागदावर केलीय ती मी प्रत्यक्ष स्टेजवर केलेली आहे. एका प्रयोगात मी असाच पाद्रीच्या बाहीला झकास सोनेरी पट्टी लावली होती, मॅचिंग बटणं वगैरे, आणि प्रयोग संपल्यावर एक रिटायर्ड नेव्हीवाले काका आत आले, सगळ्यांचं कौतुक केलं आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, मास्तर, त्या पाद्रीला प्रमोशन कुणी दिलं? तेव्हा काही कळलं नाही, मी आपला हसलो. घरी जाऊन वाचायला बसलो तेव्हा कान लाल झाले.

मुद्दा असा आहे की व्हिक्टोरिया राणीच्या अख्ख्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१, रॉयल नेव्हीच्या चॅप्लेनला युनिफॉर्मच नव्हता. ऑफिसर लोकांना युनिफॉर्म १७४८ पासून, साध्या खलाशांना १८५७ पासून, पण पाद्रीला काही नाही, ना दिवसाचा ना रात्रीचा. तो वॉर्डरूममध्ये इतर ऑफिसरांच्या बरोबरीने जेवायचा, १८४३ नंतर त्याला सर्जन आणि पर्सर (जहाजाचा हिशेब-सामान बघणारा) यांच्यासारखं कमिशनही मिळायला लागलं, पण कपडे मात्र गावातल्या चर्चच्या पाद्रीचेच. आरमारात आजही अभिमानाने सांगतात की चॅप्लेनला हुद्दा नसतो, तो ज्याच्याशी बोलत असेल त्याच्या हुद्द्याचा होतो, म्हणजे ॲडमिरलसमोर ॲडमिरल आणि कोळसा ओढणाऱ्या पोऱ्यासमोर पोऱ्या. आता बाहीवर दोन पट्ट्या लावल्या की ही सगळी गंमत गेली ना. युनिफॉर्म घालायची मोकळीक त्यांना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात, तुमच्या नाटकानंतर पन्नास वर्षांनी.

घोळ कुठून होतो तेही सांगतो. इंटरनेटवर जुने फोटो शोधले की युनिफॉर्ममधले ब्रिटिश पाद्री भरपूर सापडतात, पण ते आर्मीचे असतात. आर्मीने आपल्या चॅप्लेन लोकांना हुद्द्याच्या बरोबरीचे वर्ग आणि युनिफॉर्म १८६० च्या सुमारासच देऊन टाकला होता. आरमाराने नाही दिला. त्यामुळे फोटो बघताना आधी ते जमिनीवरचे की पाण्यावरचे ते बघा.

मग प्रश्न येतो की युनिफॉर्म नाही तर औपचारिक जेवणाला घालायचं काय. उत्तर सोपं आहे, इंग्लंडमधला एखादा पाद्री जमीनदाराच्या घरी रात्री जेवायला जाताना जे घालेल तेच. काळा टेलकोट, काळा वेस्टकोट, काळी पँट, आणि मान. मी मान म्हणतोय कारण सगळा खेळ तिथे आहे. बाकीचा पोशाख साठ वर्षांत फार बदलत नाही, मानेवर मात्र दहा-दहा वर्षांनी वेगळं काहीतरी दिसतं, आणि ते नुसतं फॅशन म्हणून नाही, त्यात धर्माचं राजकारण आहे.

सुरुवातीला, म्हणजे १८३७-४० च्या आसपास, पाद्री लोक गळ्याला पांढरा कपडा बांधायचे, क्रॅव्हट म्हणा, दिवसा पण आणि रात्री पण. बाकीच्या सभ्य गृहस्थांनी तोवर दिवसा काळे किंवा रंगीत क्रॅव्हट घालायला सुरुवात केली होती, त्यामुळे भर दुपारी पांढरा गळा दिसला की हा पाद्री, एवढं लोकांना कळायचं. पण रात्री पंचाईत! १८६० च्या दशकात सगळ्याच पुरुषांचा संध्याकाळचा ड्रेस काळा टेलकोट आणि पांढरा टाय असा ठरून गेला, त्यामुळे रात्रीच्या जेवणाला पाद्री, यजमान, पाहुणा आणि वाढपी असे चौघे एकाच वेषात उभे. पाहुण्याला वाढपी समजून ग्लास मागितला असले विनोद त्या काळच्या विनोदी मासिकांत कायम असायचे, आणि पाद्रीची अवस्था त्याहून बिकट, कारण काळा वेस्टकोट घातलेला माणूस वाढपीच जास्त वाटतो.

दुसरीकडे १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ सुरू झाली होती, चर्च ऑफ इंग्लंडने आपलं जुनं, रोमच्या जवळचं रूप परत आणावं असं म्हणणाऱ्यांची. त्या तरुण पाद्रींनी एक नवा वेस्टकोट घालायला सुरुवात केली, जो समोरून कुठेच उघडत नाही, थेट गळ्यापर्यंत बंद, खांद्यावर आणि कुशीला हुक-बटणं. शर्ट अजिबात दिसत नाही. प्रोटेस्टंट मंडळींना तो बघूनच संताप यायचा, हे तर पोपचे चेले. लंडनच्या शिंप्यांनी त्या वेस्टकोटाला नाव पाडलं 'एम. बी.', म्हणजे बायबलच्या शेवटी प्रकटीकरणात येते ती श्वापदाची खूण, मार्क ऑफ द बीस्ट. गिऱ्हाईक दुकानात बसलेलं आणि कटर आतल्या कारागिराला ओरडून सांगतोय, एक एम. बी. काप रे. शिंप्यांची जात सगळीकडे सारखीच, गिऱ्हाइकाच्या पाठीमागे त्याचं बारसं करणारी.

आणि मग येते ती पूर्ण गोल, कडक, मागे बटण असलेली पांढरी कॉलर, जिला इंग्रज लोक चेष्टेत डॉग कॉलर म्हणतात. हिचं श्रेय ग्लासगोच्या डोनाल्ड मॅक्लाउड नावाच्या पाद्रीला द्यायची पद्धत आहे, आणि तो बिचारा ना कॅथलिक ना इंग्लंडच्या चर्चचा, तो स्कॉटलंडचा प्रेस्बिटेरियन. १८८०-९० च्या दशकात ही कॉलर झपाट्याने पसरली, पण सगळ्यांनी घेतली असं नाही. जुन्या वळणाचे, बायबलवर भर देणारे इव्हँजेलिकल पाद्री १८९० नंतरही हट्टाने पांढरा टायच बांधायचे, कॉलरला ते रोमची भानगड समजायचे.

म्हणजे १८९२ साली तुमच्याकडे दोन पर्याय आहेत आणि दोन्ही बरोबर. आता तुम्ही लेखकाला विचारा की हा माणूस कोणत्या बाजूचा. खलाशांना दारू सोडायला लावणारा, साधी भजनं म्हणायला लावणारा, कडक प्रोटेस्टंट असेल तर उभी कॉलर, अरुंद पांढरा बो टाय, आणि थोडा उघडा काळा वेस्टकोट. मेणबत्त्या, विधी, उपास यांची आवड असलेला असेल तर गळाबंद रेशमी वेस्टकोट आणि वर गोल कॉलर. प्रेक्षकाला हे कळणार नाही म्हणाल, पण नटाला कळेल, आणि गळाबंद वेस्टकोट घातलेला नट आपोआप वेगळा बसतो, हनुवटी खाली जातच नाही त्याची.

आता तुम्ही लावलेल्या एकेका गोष्टीचं बघू.

गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीवर चढवायचं बटणांचं आवरण. हे बिशप, डीन आणि आर्चडीकन अशा वरच्या धर्माधिकाऱ्यांचं. एके काळी हे लोक घोड्यावरून आपल्या हद्दीत फिरायचे, त्यातून ती पद्धत राहिली, गुडघ्यापर्यंतची ब्रीचेस, वर छोटा एप्रनसारखा झगा आणि गेटर्स. जहाजावरचा चॅप्लेन साधा पाद्री, त्याला हा मान नाही. पायात साधे काळे बूट किंवा पातळ तळाचे चकचकीत शूज, बस.

छातीवरचा क्रॉस. तोही बिशपचा. इंग्लंडच्या चर्चमध्ये तर व्हिक्टोरियन काळात बिशपसुद्धा सर्रास घालत नव्हते. आपल्या डोक्यात पाद्री म्हटलं की वसई-गोव्याकडचे फादर येतात, पांढरा झगा, कमरेला पट्टा, गळ्यात क्रॉस, ते कॅथलिक. हा माणूस अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा आहे, बहुतेक लग्न झालेला, पोर्ट्समथला बायको आणि तीन पोरं असलेला, आणि जेवायला झगा घालून येणार नाही. त्याचा सरप्लिस म्हणजे प्रार्थनेचा सैल पांढरा अंगरखा आणि काळा स्कार्फ रविवारी सकाळी डेकवरच्या प्रार्थनेसाठी, रात्री ते पेटीत.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण कुणीतरी करेलच म्हणून सांगतो. आपल्याकडे हायकोर्टाच्या आसपास वकिलांचे कोट शिवणारी दुकानं आहेत, तिथे काळा कोट आणि गळ्याचे दोन पट्ट्यांचे पांढरे बँड तयार मिळतात, आणि बँड दिसायला पाद्रीसारखे वाटतात म्हणून लोक उचलून आणतात. ते बँड मूळचे इंग्लंडचेच आणि पाद्रीही घालायचे हे खरं, पण गाऊनबरोबर, चर्चमध्ये किंवा दरबारात. जेवणाच्या टेबलावर नाही. टेलरची मदत मात्र तिथली जरूर घ्या, काळं कापड त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही.

आणि ती आजकालची शर्टाच्या कॉलरमध्ये सरकवायची प्लास्टिकची पांढरी पट्टी, ती तर अजिबात नको. ती विसाव्या शतकातली. १८९२ ची कॉलर मानेभोवती पूर्ण गोल दिसते, मागून पुढून सगळीकडून पांढरी.

एक गंमत म्हणून सांगतो, पाद्रीच्या कपड्यांवर इंग्लंडच्या चर्चचा जो जुना नियम होता, १६०४ सालचा, चौऱ्याहत्तर नंबरचा, त्यात रात्रीच्या टोपीपर्यंत लिहिलंय, की नक्षीकाम केलेली टोपी नको, काळ्या रेशमाची, सॅटिनची नाहीतर मखमलीची साधी घाला, आणि फिकट रंगाचे मोजे घालू नका. व्हिक्टोरियन काळात तो नियम कुणी अक्षरशः पाळत नव्हतं, पण त्यामागची वृत्ती शिल्लक होती, चांगलं कापड चालेल, चकाकी नको. ही वृत्ती डोक्यात ठेवली तर निम्मे निर्णय आपोआप होतात. म्हणून टेलकोटाच्या लेपलला, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्टीला, रेशमी फेसिंग नको, ज्या कापडाचा कोट त्याच कापडाचा लेपल. पँटच्या बाजूला फीत नको. बटणं कापड चढवलेली. पांढरा वेस्टकोट नको, तो गृहस्थांचा.

(फीत वरून आठवलं. फीत हा शब्द पोर्तुगीज, बटणाचं काज हाही पोर्तुगीज, आणि पाद्री तर आहेच. इंग्रज सैनिकसुद्धा आपल्या धर्मगुरूला पाद्रे म्हणायला शिकले ते हिंदुस्थानात पोर्तुगीजांकडून आलेला शब्द ऐकून. तेव्हा तुमच्या माल्टाच्या जहाजावर ऑफिसर लोक त्याला पाद्रे म्हणून हाक मारताना ऐकू आले तर तो शब्द आपल्या किनाऱ्याला वळसा घालून गेलाय असं समजा.)

आता टेबलाचं चित्र डोळ्यासमोर आणा, कारण पाद्रीचा पोशाख एकट्याचा नसतो, तो इतरांच्या शेजारी दिसतो. बाकी सगळे कमरेपर्यंतच्या आखूड निळ्या मेस जॅकेटात, बाहीवर सोनेरी पट्ट्या. त्यात जहाज चालवणारे, लढणारे जे ऑफिसर त्यांच्या वरच्या पट्टीला गोल वेटोळं असतं. सर्जनच्या पट्ट्यांमध्ये लाल कापड, पेमास्टरच्या (पगार-हिशेब बघणाऱ्याच्या) पांढरं, इंजिनिअरच्या जांभळं, ही रंगांची पद्धत १८६३ पासूनची, आणि या लोकांना वेटोळं नाही. म्हणजे बाही बघितली की माणूस काय काम करतो, किती वर, आणि त्याला कोण खालचा समजतं हे सगळं वाचता येतं. इंजिनिअर आणि डेकवरचे ऑफिसर यांच्यातली धुसफूस नाटकात असेलच, ती या वेटोळ्यावरून दाखवा. आणि या सगळ्या रंगीबेरंगी बाह्यांमध्ये एकच बाही कोरी, काळी. ती पाद्रीची. दिग्दर्शकाला हे फुकटात मिळालेलं चित्र आहे, तुम्ही त्यावर दोन पट्ट्या लावून घालवत होतात.

त्या काळी बरेच चॅप्लेन नेव्हल इन्स्ट्रक्टरचंही काम करायचे, सकाळी प्रार्थना आणि नंतर पोरसवदा मिडशिपमन म्हणजे शिकाऊ ऑफिसर लोकांना गणित आणि नौकानयन. तुमच्या पाद्रीला नाटकात शिकवतानाचा प्रसंग आहे म्हणून कुणी म्हणेल की मग त्याला इन्स्ट्रक्टरचा युनिफॉर्म द्या. नका देऊ, स्टेजवर तो पाद्री म्हणून आलाय, काळाच राहू दे.

आता खरी अडचण, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. नेव्हीचा निळा इतका गडद असतो की लाइटखाली तो काळाच दिसतो. मग पाद्री वेगळा दिसणार कसा? माझ्या त्या प्रयोगात मी सोनेरी पट्टी लावली त्याचं खरं कारण हेच होतं, वेगळेपणा येत नव्हता म्हणून घाबरून लावली. त्यात अजून एक झालं, दुकानातून स्वस्त काळं टेरिकॉट घेतलं होतं, ते दुकानात काळं आणि पिवळ्या लाइटखाली चक्क मरून. आता मी काय करतो तर कापड घ्यायला जाताना आमच्या लाइटवाल्याकडून एक साधा पिवळा बल्ब आणि लाइटपुढे लावायच्या रंगीत जिलेटिनचा एक तुकडा घेऊन जातो, दुकानदार आधी वेड्यासारखे बघायचे, आता सवय झालीय त्यांना. दोन-तीन काळे शेजारी ठेवून त्याखाली बघायचे, एखादा लालसर मारतो, एखादा हिरवट, एखादा निळसर. ऑफिसरांना निळसर ठेवायचं आणि पाद्रीला किंचित तपकिरीकडे झुकणारं, आणि मॅट. रंगाचा फरक प्रेक्षकाला सांगता येत नाही पण डोळ्याला लागतो.

आणि तपकिरीकडे झुकणारा काळा खोटाही नाही. त्या काळी लोकरीचं काळं कापड बरंचसं लॉगवूड नावाच्या अमेरिकेतल्या लाकडाच्या अर्कात रंगवायचे, लोखंडाच्या किंवा क्रोमच्या क्षारांबरोबर, आणि तो रंग वर्षांनुवर्षं वापरला, ऊन-घाम लागला की हिरवट-तपकिरी व्हायचा. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ ला पर्किनच्या जांभळ्यापासून झाली आणि पुढे काळेही आले, पण पाद्री लोक कोट काही दर वर्षी शिवत नाहीत. खांद्यावर आणि बाहीच्या कडेला जरासा विटलेला कोट, समुद्रावर तीन वर्षं काढलेल्या माणसाचा, एकदम खरा वाटतो. ऑफिसरांच्या झळझळीत फितींशेजारी तो अजूनच बोलतो.

कापड कुठलं? मूळ कापड ब्रॉडक्लॉथ, म्हणजे लोकरीचं विणून, मग पाण्यात बडवून दाट केलेलं आणि वर मऊ लव काढून दाबलेलं. ते इतकं दाट की कापलं तरी धागा सुटत नाही. त्यामुळे जुन्या कोटांची कडा नुसती कात्रीने कापून तशीच सोडलेली असायची, दुमडलेली नाही. ही बारीक गोष्ट पण जुन्या कोटाची कडा पातळ, धारदार दिसते ती त्यामुळे. आपण सुटिंगचं कापड घेऊन दुमडून शिवतो आणि कडा जाड, फुगीर होते, वर इस्त्री कितीही मारा. मी यावर बिलियर्डच्या टेबलाचं कापड वापरलंय, हसू नका, ते खऱ्या ब्रॉडक्लॉथचंच भावंड आहे, काळं मिळालं तर सोनं, हिरवं मिळालं तर काळं रंगवून घ्यायचं. महाग पडतं. बजेट नसेल तर दाट ब्लेझरचं कापड घ्या, आणि पुढची कडा दुमडायच्या आधी आतल्या थराचं कापड पायरीपायरीने कमी करत कापा म्हणजे चार थर एका जागी येणार नाहीत.

कटबद्दल कटिंग मास्तरांशी बोलताना हे सांगा की हा टेलकोट पुढून बंद होत नाही, होऊ नये. बँडवाल्यांचे जे टेलकोट भाड्याने मिळतात ते पुढून बटण लागणारे, सैल, आणि शेपट्या आखूड. इथे पुढचा भाग कमरेच्या वर आडवा कापलेला, वेस्टकोट खालून जेमतेम दिसेल न दिसेल असा, कमरेला शिवण, आणि शेपट्या गुडघ्याच्या मागपर्यंत. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, घट्ट आणि उंच कापायला सांगा. आपले मास्तर नट हात वर करेल म्हणून मुंढा खोल कापतात, पण उलटं आहे, मुंढा उंच असेल तर हात वर केल्यावर कोट वर येत नाही, खोल असेल तर अख्खा कोट कानापर्यंत येतो. हे मी वडिलांकडून मार खाऊन शिकलो.

गळाबंद वेस्टकोट केलात तर पुढचा भाग एकसंध ठेवा, मधे शिवण नाही, टक कुशीच्या शिवणीत दडवा. कापड बारीक दोरीदार विणीचं काळं रेशीम मिळालं तर उत्तम, नाहीतर कोटाचंच. उजव्या बाजूला पक्की शिवण, डावीकडे खांद्यावर आणि कुशीला हुक. पाठ कॉटनच्या अस्तराची ठेवा, नटाला श्वास घेऊ दे, कोट काढायचाच नाहीये त्याला. आत पूर्ण शर्ट घालायची गरज नाही, पांढरे कडक कफ बाहीत बसवा, अर्धा इंच दिसले की झालं.

कॉलर. इथे हात राखू नका, टेबलावर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि कॉलर एवढंच प्रेक्षक बघणार. सरळ पट्टी कापून गोल केली तर ती वरच्या बाजूला मानेपासून सुटते आणि बादलीत मान ठेवल्यासारखं दिसतं. पट्टी हलकी कमानदार कापा, वरची कड खालच्यापेक्षा जराशी लहान. उंची दीड ते पावणेदोन इंच, नटाची मान आखूड असेल तर दीडच्या वर जाऊ नका. दोन थर पांढरं लिनन, मधे बक्रम म्हणजे कडक अस्तर, आणि मग साबुदाण्याची खळ. बाजारातला स्प्रे स्टार्च घामाने पहिल्या प्रवेशात मरतो. खळ पातळ करून दोनदा लावा, अर्धवट ओली असतानाच गरम इस्त्री, आणि इस्त्री करता करताच बरणीभोवती गुंडाळून गोलाई द्या. मागे एक काज, त्यात स्टड, म्हणजे सुटं बटण. एका प्रयोगाला तीन कॉलरी तयार ठेवा.

जहाजावर तेव्हा धुण्याची रड होतीच, खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि गोडं पाणी मोजून. सेल्युलॉइडच्या कॉलरी तोवर बाजारात आल्या होत्या, ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ. दिसायला मात्र चकचकीत, आणि पेट पटकन घेतात. तुमच्या पाद्रीने औपचारिक जेवणाला सेल्युलॉइडची घातलीय आणि शेजारचा लेफ्टनंट सिगार पेटवतोय असा प्रसंग लेखकाला सुचवायचा मोह मला होतोय, पण तो तुमचा प्रश्न.

पाद्रीकडे एखाद्या मोहिमेचं पदक असेल तर तेवढंच एक चमकणारं काही चालेल, तेही छोट्या आकाराचं, डाव्या लेपलवर. रात्रीच्या ड्रेसवर लहान प्रतिकृती लावायची पद्धत तोवर रुळली होती. एकच. तीन लावून त्याला वीर बनवू नका.

शेवटी त्या प्रसंगातल्या हालचालींबद्दल, कारण कपडा उभ्याने एक दिसतो आणि बसल्यावर दुसरा. जेवणाआधी सगळे उभे राहतात आणि पाद्री प्रार्थना म्हणतो. जहाजावर पाद्री नसेल तर जेवणाचा अध्यक्ष नुसतं 'थँक गॉड' म्हणतो, आणि त्यावर आरमारातला जुना विनोद आहे की पाद्री आलाय का विचारायचं, नाही म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं देवाची कृपा. जेवणानंतर तेव्हा राणीच्या नावाने प्याला उचलायचे तो मात्र आरमारात बसूनच, जुन्या जहाजांच्या बुटक्या छतांना डोकी आपटायची म्हणून असं सांगतात. म्हणजे तुमचा पाद्री एकदाच उभा राहणार, प्रार्थनेला, आणि मग शेवटपर्यंत बसलेला. तेव्हा ट्रायल आरशासमोर उभ्याने घेऊ नका. खुर्ची आणा, नटाला शेपट्या दोन्ही हातांनी बाजूला सारून बसायला शिकवा, नाहीतर पहिल्याच प्रयोगात त्यावर बसेल, कोट मागे ओढला जाईल आणि इतक्या कष्टाने केलेली कॉलर मानेवरून सटकून वेस्टकोटात बुडेल. माझ्याकडे ते झालंय, आणि नट बिचारा पुढचा अर्धा तास हनुवटीने ती वर ढकलत होता, समोरच्यांना वाटलं अभिनय.